कळसावर धरलेली दोरी

सभागृहातल्या पडद्यावर हिंगणवड्याचं भविष्य झळकत होतं आणि निवृत्ती सुतार सर त्यात धुळोबाचा कळस शोधत होते.

पाच मैदानं होती पडद्यावर. भोवती झाडं, वाहनतळ, बाहेरगावच्या संघांना उतरायला खोल्या. नगरपरिषदेची क्रीडा नियोजन अधिकारी संयोगिता मगदूम या चित्रासाठी दोन वर्षं राबली होती. गावकऱ्यांना बारा महिने खेळता यावं आणि बाहेरच्यांना भर उन्हाळ्यात हिंगणवड्याला यायला निमित्त मिळावं, असं आराखड्याचं पहिलंच वाक्य होतं. नगरसेवकांनी माना डोलावल्या. पुण्याहून आलेल्या नकुल बर्वे या अभियंत्याने आकडे सांगितले. सगळं सुरळीत पार पडतंय असं वाटत असतानाच मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली.

"एवढं सगळं काढलंस पोरी," सुतार सर उभे राहून म्हणाले, "पण कळस कुठाय?"

नकुल बर्व्याला वाटलं, म्हातारबुवा देवळासाठी जागा मागतायत. बाकीच्या सभागृहाला मात्र प्रश्न रास्त वाटला.

हिंगणवड्यात खो-खोचं मैदान आखायची एक रीत होती. गावाबाहेर टेकडीवर धुळोबाचं देऊळ. हायस्कूलच्या मैदानावर पहिला खांब रोवला की त्याच्यामागे उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि खांबाची कड देवळाच्या कळसावर धरायची. त्या रेषेत दोरी ताणली की दुसरा खांब कुठे रोवायचा ते आपोआप ठरायचं. मग दोरीवरून फक्की मारत जायचं. साठ वर्षं मैदान असंच आखलं जात होतं. मुलंही डावाआधी खांबाला हात लावून कळसाकडे बघायची. त्यात देव किती आणि सवय किती, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. सुतार सर हायस्कूलचे निवृत्त खेळशिक्षक. जातीचे आणि हाताचेही सुतार. खांब ते स्वतः रंधायचे आणि दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत.

नव्या आराखड्यात मैदान सरळ दक्षिणोत्तर होतं. कळस बाजूला पडला होता.

"बघते सर," संयोगिता म्हणाली.

"बघ," सर म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि त्यामुळेच ते तिच्या मनात रुतून बसलं.

*

मैदानांवर एवढा खर्च कशाला, असं आता कुणी विचारत नव्हतं. गेली सहा वर्षं मार्च ते जून जिल्ह्यात उघड्यावर खेळायला बंदी होती. बंदी ओल्या पाऱ्याची. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की फडक्यातलं पाणी उडतं आणि पारा खाली येतो. माणसाचं अंगही असंच थंड होतं, घाम उडाला की. पण हवाच ओलीने भरलेली असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो. मग सावलीत बसा, पंखा लावा, पाणी प्या, आतली उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. ओला पारा तिशीच्या पुढे गेला की मैदानं बंद, असा हुकूम होता. कृष्णाकाठ उसाने वेढलेला, हवेत आधीच दमटपणा. इथे ओला पारा मार्चमध्येच तिशी गाठायचा. एक अख्खी पिढी उन्हाळ्याची सुट्टी चार भिंतींत काढून मोठी होत होती.

त्यावरचा उपाय म्हणजे तहानी माती. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी हे नाव दिलं आणि कागदोपत्रीही तेच रूढ झालं. प्रयोगशाळेत घडवलेले हे कण दिसायला मुरमासारखे, आत मात्र मधाच्या पोळ्याहून कितीतरी बारीक छिद्रं. चिमूटभर कणांच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर खो-खोचं अख्खं मैदान झाकलं जाईल. त्या भिंतींना हवेतली वाफ चिकटते. मैदानाखाली हे कण भरायचे, भोवती पुरुषभर उंच भिंत घालायची आणि हवा खालून-वरून फिरवत राहायची. परातीत पाणी राहावं तशी कोरडी, गार हवा मैदानात साचून राहते. बाहेर ओला पारा एकतीस, तर आत चोवीस.

आता प्यायलेलं पाणी कधीतरी ओकायला हवंच. म्हणून मातीचे दोन भाग. एक पीत असताना दुसरा पिळायचा. दुपारी बारा ते चार, उन्हाने तापवलेली हवा त्या भागातून घालवायची, की कण सगळी वाफ सोडून देतात. बाहेर जाता जाता त्या हवेतली उष्णता नळांतून परत घेतली जाते, तेवढीच वीज वाचते. झडपांतून बाहेर पडते ती फारशी गरम नसलेली, पण ओलीने गच्च भरलेली हवा. आराखड्यात या झडपा मैदानाच्या दक्षिण टोकाला होत्या. समोर उघडा माळ. तिथली हवा वाऱ्याने पांगून जाणार होती.

मैदान कळसाच्या रेषेत आणायचं तर एकवीस अंश फिरवावं लागत होतं. संयोगिताने ते पडद्यावर बोटाने फिरवून पाहिलं. दक्षिण टोक पूर्वेकडे सरकलं, आणि झडपा माळाऐवजी ओढ्याच्या तोंडावर आल्या.

"फिरवता येईल, मॅडम," नकुल फोनवर म्हणाला. "वर्षाच्या सरासरी वाऱ्यावर तपासलं. काही फरक पडत नाही."

उन्हाळ्यातली दुपार वेगळी तपासा, असं तिने म्हणायला हवं होतं. वर्षाची सरासरी काढली की मे महिना त्यात विरघळून जातो, हे तिच्यासारखीला कुणी शिकवायला नको. पण तिने विचारलं नाही, कारण तिला होकार हवा होता.

होकार हवा होता, त्यालाही कारण होतं. ती बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी मुलीने मैदानावर धावायचं नाही असं ठणकावलं होतं. सुतार सर तीन संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर येऊन बसले. वाद घातला नाही, पाऊसपाण्याचं बोलले आणि उठले. तिसऱ्या दिवशी वडीलच म्हणाले, जाऊ दे तिला. तिची पहिली ट्रॅकपँट सरांच्या बायकोने, हिराकाकूंनी, सरांच्या जुन्या विजारीतून शिवली होती. ती घालून ती राज्य स्पर्धेपर्यंत गेली आणि खेळाडूंच्या कोट्यातून या खुर्चीपर्यंत आली. आयुष्यभरात त्या माणसाने तिच्याकडे एक गोष्ट मागितली होती. तीही एकवीस अंशांची.

*

पाडव्याला पहिल्या मैदानाचं उद्घाटन झालं. सरांनी खांबाची कड कळसावर धरली, दोरी ताणली, फक्की पडली. आठ मुली मधल्या पाटीवर ओळीने बसल्या आणि सहा वर्षांत पहिल्यांदा हिंगणवड्याने चैत्रात उघड्यावर 'खो' ऐकला. भिंतीबाहेर लोक घामाने निथळत होते आणि आत मुली कोरड्या अंगाने सूर मारत होत्या. सुतार सरांनी दोनदा चष्मा पुसला. धूळ फार उडतीया, म्हणाले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात राज्य स्पर्धा घ्यायचं ठरलं. जिल्ह्यात दुसरीकडे कुठेही उन्हाळ्यात सामने होणं शक्य नव्हतं. बावीस संघ येणार होते. बंद पडलेल्या दोन खाणावळींनी रंग काढला. उरलेली चार मैदानं पहिल्याबरहुकूम बांधायची, असं नगराध्यक्षांनी जाहीर करून टाकलं.

एप्रिल संपता संपता संयोगिता सरांच्या घरी गेली. घर सुतार गल्लीत, ओढ्याच्या काठाला. हिराकाकू गच्चीवरून खाली आल्या त्या हाश्श-हुश्श करतच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, पण वाळवण काही सुटलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातावर एक कुरडई ठेवली.

"मोड बघू."

तिने मोडली. कुरडई मोडली नाही, वाकली.

"चार दिस झालं उन्हात घालून," काकू म्हणाल्या. "एरवी दोन दिसांत खडखडीत हुत्यात. ह्या वर्षी गल्लीत कुणाच्याच वाळंनात. त्या मंगलच्या तर पापडांना बुरा आला."

"चीक नीट शिजला नसेल काकू."

"आता तू शिकीव मला." काकू हसल्या. "पन्नास वर्सं घोटतीया. दुपारच्याला तर आसं वाटतं, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलंय आन् मी आत हाय."

"उन्हाळा हाय," सर खांब रंधता रंधता म्हणाले. "सोसावा लागतोय. चल म्हणतो मैदानावर, तर येत न्हाई."

"मी कशाला? मी का खो घेऊन पळू आता?"

तिघंही हसली. संयोगिता चहा प्यायली आणि निघताना काकूंनी ती वाकडी कुरडई कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकली. घरी जाऊन तिने ती टेबलाच्या खणात ठेवली आणि विसरून गेली.

*

नऊ मेला दुपारी हिराकाकू गेल्या.

मधल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. शेजारची मंगल चहापत्ती मागायला आली तेव्हा अंग ओलंचिंब होतं आणि अजून गरम होतं. सर तेव्हा मैदानाच्या पडवीत स्पर्धेसाठी नवे खांब घासत बसले होते, कोरड्या हवेत. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. उष्माघात म्हणावा तर त्या दिवशी साधा पारा अडतीसच्या वर गेला नव्हता. हृदय आधीच अधू, थांबलं, एवढंच ते म्हणाले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

सर रडले नाहीत. लोक येत होते, हात धरत होते, आणि ते प्रत्येकाला एकच सांगत होते, "मी घरात नव्हतो."

तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जन करून मंडळी परतल्यावर, बायकांनी पिठलं-भात टाकला. संयोगिता मदतीला स्वयंपाकघरात होती. मिठाची बरणी उचलली तर मिठाचं पाणी झालं होतं. फडताळातल्या पितळी डब्यांवर थेंब जमले होते. ओट्यामागच्या भिंतीवर ओलीचा डाग चढला होता. पावसाळ्यात चढतो तसा, मे महिन्यात. तिने कुरडयांचा डबा उघडला. आत पांढरी बुरशी धरली होती.

"समद्यांच्याच अशा झाल्या," मंगल मागून म्हणाली. "हिराक्का म्हनायची, संयूला सांगितलंय मी, ती बघंल."

संयोगिता डबा हातात धरून तशीच उभी राहिली. सांगितलं होतंच की. तिच्या हातावर ठेवून, मोड म्हणून सांगितलं होतं.

ती कचेरीत जाऊन हातात धरायचा ओला पारा घेऊन आली. दुपारचे दोन वाजले होते. बाजारपेठेत तो तीस होता. ओढ्याचा पूल ओलांडला तसा एकतीस. सुतार गल्लीच्या तोंडाशी बत्तीस. सरांच्या दारात चौतीसला टेकला. चौतिसाला धडधाकट माणसाचंही काही खरं नसतं. तिथून ती ओढ्यात उतरली आणि कोरड्या पात्रातून वरच्या अंगाला चालत निघाली. दोन्ही काठ डोक्याच्या वर. वारा पश्चिमेचा, पण पात्रात शिरला की तो ओढ्याच्या वाटेनेच जात होता. अंगावरचे कपडे भिजले. दहा मिनिटांत ती मैदानाच्या भिंतीपाशी पोचली. समोर बारा झडपा उघड्या होत्या आणि त्यांतून ओली हवा सरळ ओढ्याच्या तोंडात जात होती, पन्हाळीत पाणी सोडावं तशी. ओढ्याच्या शेवटी सुतार गल्लीचा खोलगा. तिथे ती साचत होती.

एकवीस अंश नसते तर ती हवा माळावर गेली असती.

ती झडपांसमोर बसून राहिली. रडू आलं, पण घामात ते वेगळं कळत नव्हतं.

*

नगराध्यक्ष अशोकबापू वाईट माणूस नव्हता. त्याची नात त्याच मैदानावर खेळत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, तोंडावरून हात फिरवला.

"आठ दिवसांवर स्पर्धा आलीया. बावीस संघ. पोरं निघाली बी असतील काही. स्पर्धेपुरतं गल्लीतल्या लोकांना दुपारचं शाळेत बसवू की."

"चाळीस घरं आहेत बापू. त्यांत अकरा जण अंथरुणाला खिळलेले. कुणाकुणाला उचलून नेणार?"

"आणि बंद केलंस तर? पोरं परत घरात कोंडायची. बाकीची चार मैदानं कोण मंजूर करील? गाव तुला काय म्हणंल, ह्याचा इचार केलास?"

"केला."

ओल्या पाऱ्याच्या हुकुमाखाली मैदान बंद करायला तिची एकटीची सही पुरत होती. तिने कागद पुढे ओढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: झडपांची दिशा बदलल्यामुळे वस्तीत आर्द्रता साचली. दिशाबदल नियोजन अधिकाऱ्यांनी स्वतःच्या निर्णयाने केला.

बापूने वाचलं. "सुतार सरांचं नाव न्हाई घातलंस."

"नाही."

"सभागृहात समद्यांनी ऐकलंय ते."

"मग सगळ्यांनी विसरावं. त्यांच्या कानावर हे जाता कामा नये, बापू. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

बापूने कागद परत वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याने आपणहून शिपायाला हाक मारली आणि कागद पाठवून दिला. चार वाजता यंत्र थांबलं. संध्याकाळपर्यंत मैदानावरची हवा गावासारखीच झाली. मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकीने विचारलं, उद्या चालू होईल का ताई. संयोगिता नाही म्हणाली.

स्पर्धा गेली. खाणावळींनी फळ्या लावल्या. बाजारात बायका तिला पाहून बोलायच्या थांबू लागल्या. बदलीची चर्चा झाली. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. तिला भीती एकाच गोष्टीची होती. साठ वर्षांची रीत सांभाळावी म्हणून सरांनी सहज एक शब्द टाकला होता, आणि त्या शब्दाने त्यांची बायको गेली, हे त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत. त्यांच्या तोंडचा तो शब्द तिने उचलला होता, तपासला नव्हता. दोष तिचा होता आणि तिच्यापाशीच राहायला हवा होता.

सरांना तिने तेराव्यानंतर सांगितलं, यंत्रात बिघाड झालाय.

"व्हय?" सर म्हणाले. ते पायरीवर बसले होते. "दुरुस्त होण्याजोगा हाय?"

"वेळ लागेल."

"लागू दे की." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू वाळलीस किती. जेवून जा. मंगलनं भाकरी आणून ठेवलीया." ती जेवली. ते समोर बसून होते आणि दोघंही काकूंविषयी एक अक्षर बोलली नाहीत.

*

पावसाळ्यात मैदान बांधणाऱ्या कंपनीने पहिल्या मैदानाच्या झडपा बुजवल्या आणि जमिनीखालून नळ घालून हवा माळावर नेली. संयोगिताने आराखडा नव्याने लिहून काढला. वारा आता महिन्यामहिन्याचा आणि तासातासाचा तपासला जात होता. त्याखेरीज प्रत्येक नियोजित मैदानाभोवतीच्या घरांना ती स्वतः जाऊन एक प्रश्न विचारायची, वाळवण कुठे घालता आणि किती दिवसांत वाळतं? तरुण अभियंते गालात हसायचे. ती शांतपणे रकाना भरायची. टेबलाच्या खणातली वाकडी कुरडई केव्हाच टणक झाली होती. ती तिने टाकली नव्हती.

मार्गशीर्षात दुसऱ्या मैदानाची आखणी निघाली. जागा गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या कडेवर. हेही मैदान खो-खोचंच. सकाळचं कोवळं ऊन होतं. दोन गवंडी, फक्कीचं घमेलं आणि ती. इथून धुळोबाचा कळस अगदी स्वच्छ दिसत होता. पण खुंट्या तिने नकाशाप्रमाणे दक्षिणोत्तर ठोकून घेतल्या होत्या, आणि सरांना बोलावलं नव्हतं.

सर आले. खांद्यावर नवे दोन खांब, कमरेला दोरीची गुंडी. ही त्या नऊ मेच्या दुपारी घासत बसले होते तीच जोडी. आता ते खांबामागे बसतील, डोळा मिटतील, आणि आपल्याला नाही म्हणावं लागेल. नाही म्हटलं की का ते सांगावं लागेल.

"सर, आज तुम्ही कशाला त्रास घेतलात? हे दोघं आखतील."

सरांनी खांब खाली ठेवले. गवंड्यांना चहा घेऊन या म्हणाले. ते लांब गेल्यावर सर बोलले.

"संयू, मला त्याच दिवशी कळलंय."

तिने हातातला नकाशा मिटला.

"तिला पोचवून आलो ना, त्या संध्याकाळी गच्चीवर गेलो. कुरडया घातलेलं लुगडं तसंच हुतं, ओलं. म्हटलं, हितं ओल येती कुठनं? आयुष्य रेघा बघण्यात गेलंय माझं. कठड्याशी बसलो, डोळा मिटला आन् ओढ्यातनं वर बघितलं. झडपा समोर. त्यांच्या वर खांब. आन् खांबाच्या वर, नेमका, कळस. एका रेघेत." ते थांबले. "मीच मागितली हुती ती रेघ."

"सर, तुम्ही नुसतं विचारलंत. तपासायचं काम माझं होतं. काकूंनी मला कुरडई दिली होती हातात. मी हसले."

"ती मलाबी रोज सांगत हुती. झाकण ठेवल्यासारखं वाटतंय म्हणून. मी म्हटलं, सोस." सरांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी गारव्यात बसून खांब घाशीत हुतो, आन् तिला म्हटलं, सोस."

संयोगिताने त्यांचा हात धरला. हाताला लाकडाच्या भुशाचा वास होता. सात महिने दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि दोघांनाही ती एकेकट्याने पेलली नव्हती.

"बिघाड म्हणालीस, तवा बरं वाटलं," सर जरा वेळाने म्हणाले. "म्हटलं, पोरीला वाटतंय मला ठाऊक न्हाई. तेवढं तरी तिचं राहू दे."

मग त्यांनी डोळे पुसले, या वेळी धुळीचं नाव न घेता. खांब उचलून पहिल्या खुंटीपाशी उभा केला, हाताने हलवून पाहिला.

"ह्या टोकाला कुणाची घरं हायत?"

"कुणाची नाहीत सर. पुढे खडकाळ माळ आहे. मी तीनदा चालून आलेय, मे महिन्यातल्या दुपारचा वाराही तपासलाय."

"आन् पलीकडची ती धनगरांची वस्ती?"

"वाऱ्याच्या उलट बाजूला आहे. तिथल्या तिन्ही म्हाताऱ्यांना विचारलंय. कुरडया दोन दिवसांत वाळतात. येत्या चैत्रात परत विचारणार आहे."

सरांनी मान डोलावली. कमरेची दोरी सोडली, एक टोक खांबाला बांधलं आणि गुंडी तिच्या हातात दिली. ती दोरी आजवर त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती. ती दुसऱ्या खुंटीकडे चालत गेली. वळून पाहिलं तर सर खांबामागे उकिडवे बसत होते. गुडघे कुरकुरले असावेत, कारण ते क्षणभर खांबाला धरून थांबले. त्यांच्या उजव्या हाताला, टेकडीवर, कळस उन्हात चमकत होता. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं. मग मान वळवली, एक डोळा मिटला आणि तिच्या खुंटीवर नजर धरली.

"ओढ," सर म्हणाले.

तिने दोरी ताणली.